दगड नसलेला पत्रा

जळकोट, ता. ४ फेब्रुवारी २०२४

शिवांजली, पोरी,

मामाचं अक्षर ओळखलंस का? तू रविवारी फोनवर तुझ्या आईशी बोलती, तवा म्या समोर बसून तिचं तोंड हलताना बघतो. ऐकू कायबी येत न्हाय. तीस वर्सं विहिरींचे सुरुंग उडवले, त्यांनी कान खाल्ले. सोलापूरहून कानातलं मशीन आणलं हुतं, त्यात नुसती शिट्टी वाजायची. कोनाड्यात पडलंय. मोबाईलवरचं बारकं अक्षर डोळ्याला दिसत न्हाय. म्हणून हा कागद.

आक्का गल्लीभर सांगती, माझी लेक हैदराबादला कॅमेऱ्याच्या कंपनीत हाय. परवा शरणबसप्पानं हातवारे करून इचारलं, लग्नाचे फोटो काढती का? म्या काय सांगणार, मला तरी कुठं ठावं हाय. दोन वर्सं झाली नोकरीला, काम काय करती ते तू घरात एकालाबी सांगितलं न्हाय. वाईट तर न्हाय ना काही? आक्काला वाचता येत न्हाय, तुझं पत्र म्याच वाचून दाखवणार. तिच्या कानावर घालायचं न्हाय ते येगळ्या कागदावर लिही.

तुझा मामा, वैजनाथ


हैदराबाद, १८ फेब्रुवारी २०२४

मामा,

हा तो वेगळा कागद. आईला वाचून दाखवू नका. खरं तर कुणालाच लिहायची परवानगी नाही. गेटवर फोन जमा करून घेतात, साधी वहीसुद्धा बाहेर नेता येत नाही. पण बाबा गेल्यावर तुम्ही आम्हाला घरात घेतलंत, मला शिकवलंत. तुमच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर येतं.

कॅमेरा खरा आहे. तो क्षेपणास्त्राच्या तोंडाशी बसतो. विमान साठ-सत्तर किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडतं आणि माघारी वळतं. समजा लातूरवर सोडलं, तर ते आपल्या जळकोटच्या चौकात येऊन पडेल. वाट उपग्रह दाखवतात. शेवटी शेवटी कॅमेरा डोळा उघडतो, पोटात आधी भरलेलं चित्र आणि खालची जागा ताडून बघतो आणि पंख हलवून नेम धरतो. पूर्वी एक पूल पाडायला शेकड्यानं बॉम्ब टाकायचे, त्यात आजूबाजूची वस्ती जायची. मग लेझर आला. पण निशाण्यावर कुणीतरी तो उजेड धरून ठेवावा लागायचा, आणि ढग किंवा धूळ आली की नेम गेला. आता ते आपलं आपण बघतं. आमचे सोमेश सर म्हणतात, खिडकी कुठली ते सांगा, तिच्यातून नेतो.

माझं काम शेवटच्या घडीचं. खाली गोदाम आहे की राहतं घर, हे त्या डोळ्याला कळलं पाहिजे. घर वाटलं तर वैमानिकाच्या पडद्यावर लाल चौकोन येतो आणि शेवटचे आठ सेकंद उरेपर्यंत तो ते रिकाम्या रानात वळवू शकतो. पण वरून पत्रा तो पत्राच दिसतो, त्याखाली माणूस आहे की सिमेंटची पोती, कसं सांगायचं? तुम्ही सुरुंगाआधी लांबवरची छपरं बघून घ्यायचात, कुणाच्या अंगावर दगड उडू नये म्हणून. लांबून कसं ओळखायचात की इथं माणूस राहतो?

शिवांजली


जळकोट, ता. १ मार्च २०२४

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आक्काला सांगितलं, शिवी बरी हाय, जेवण बरं मिळतंय.

माणसं मारायचं काम हाय म्हनून आधी मन खट्टू झालं. मंग वाटलं, तू तर वाचवायच्या बाजूला बसलीस. सुरुंग लावणाराबी वाचवायच्याच बाजूला असतो, दगड फोडणं तर दारूच करती. बत्ती द्यायच्या आधी म्या तीनदा ओरडायचो, सगळं रान बघून घ्यायचो. तीस वर्सांत एकच माणूस गेला, तुझा बाप, आन तो पिऊन खाली उतरला त्याला माझा इलाज न्हवता.

तुझ्या सवालाचं उत्तर सोपं हाय. पत्र्यावर दगड बघायचे. गरिबाच्या घराचा पत्रा नुसता वाशावर टाकलेला असतो, वाऱ्यानं उडू ने म्हनून वर दगड ठेवावे लागतात. दगड न्हाय तर फुटकी टायरं, जुना पाटा, न्हायतर नांगराचा फाळ. गोदामाचा पत्रा बोल्ट मारून आवळलेला, वर एक खडाबी नसतो. म्या लांबनं दगड दिसले की समजायचो, इथं चूल हाय. कधी चुकलो न्हाय. इंजिनेर लोकांना हे कुठलं ठावं असणार, पक्क्या घरात जन्मलेले.

वैजनाथमामा


हैदराबाद, २० जुलै २०२४

मामा,

घाईत लिहिते. तुमचं म्हणणं बरोबर निघालं. मी हजारो चित्रं काढून बघितली, आपल्याकडची, बाहेरच्या देशांतली. पत्र्यावर ओझं तिथं वस्ती, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. मशीनला ते शिकवलं. चाचणीसाठी रानात खोटी घरं आणि खोटी गोदामं उभी केली होती. दगडवाल्या प्रत्येक छपरावर लाल चौकोन आला, गोदामांवर एकदाही नाही. सोमेश सरांनी सगळ्यांसमोर त्याला ‘जळकोट नियम’ असं नाव दिलं. मला रडू आलं मामा, आनंदानं. आईला म्हणा, शिवीला बढती मिळाली.

शिवांजली


जळकोट, ता. ९ ऑगस्ट २०२४

पोरी,

गावाचं नाव तिथवर पोचलं हे कुणाला सांगता येत न्हाय, नुसतं पोटात ठेवून फिरतोय. आक्कानं बढतीचे पेढे वाटले. शरणबसप्पाला दोन दिले, त्याला शुगर हाय, त्यानं दोन्ही खाल्ले.

इकडं पाऊस बरा. सोयाबीन कमरेला आलंय. हायवेच्या कडंला ते नवं गोदाम झालंय ना, त्यात मालकानं बाहेरगावची चार बिऱ्हाडं ठेवून घेतलीत, हमाली आन राखणीला. लेकरंबाळं तिथंच. आक्का त्यांना ताक नेऊन देती. त्यातली एक बाई तुझ्याच वयाची हाय, आक्का तिला शिवीच म्हनती.

दिवाळीला ये.

मामा


हैदराबाद, २ मार्च २०२५

मामा,

दिवाळीला आले नाही, नंतर लिहिलंही नाही. कामाचं कारण सांगत होते, तेव्हा ते खरं होतं.

ते वापरलं. कुठं आणि कुणी, ते लिहिता येत नाही. विमानानं लांबून सोडलं आणि ते सांगितलेल्या शेडवर एक हातभरही न चुकता पडलं. कंपनीत पेढे आले. मग शेवटची चित्रं तपासायला माझ्याकडं आली. आपटायच्या क्षणापर्यंत तो डोळा चित्रं पाठवत असतो.

लांबून नुसता पत्रा दिसतो. बोल्ट मारलेला, स्वच्छ, दगड नाहीत. चौकोन हिरवा. आठ सेकंदांच्या आतलं वळवता येत नाही, ते कुणी बघतही नाही. मी बघितलं. चार सेकंद उरले असताना दाराशी दोरी दिसते, दोरीवर कपडे. दोन उरल्यावर चूल, आणि चुलीपाशी वाकलेली बाई. ती वर बघत नाही. तिला आवाजच आला नसेल. दारात तीन लहान मुलं आहेत, मी मोजली. शेवटच्या चित्रात नुसता पत्रा आणि त्याचे बोल्ट.

तुमचं ऑगस्टचं पत्र काढून पुन्हा वाचलं. गोदामातली चार बिऱ्हाडं. तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, आणि आई कुणालातरी शिवी म्हणते याचं हसू आलं म्हणून पुढं गेले. ज्यांना स्वतःचं घरच नाही ते दुसऱ्याच्या पत्र्याखाली राहतात, त्यावर दगड ते का ठेवतील? हे आपल्या दोघांनाही माहीत होतं मामा.

आता अहवाल आलाय. त्यात लिहिलंय, इमारत गोदाम होती, वस्तीची खूण आढळली नाही, नियमानं बरोबर काम केलं. नियम माझा, म्हणून सही माझी लागते. सही झाली की पुढची खेप हाच नियम घेऊन जाणार. मुदत महिनाअखेरपर्यंत. सोमेश सर म्हणाले, आठ सेकंदांच्या आतलं आपल्या कामात येतच नाही, कागदावर खोटं काही नाही. मी काय करू?

शिवांजली


जळकोट, ता. ९ मार्च २०२५

पोरी,

सही कर आन मोकळी हो.

तू काही बॉम्ब सोडला न्हाय. जागा दुसऱ्यानं सांगितली, कळ तिसऱ्यानं दाबली. तू नुसती खूण सांगितली, ती बी म्या दिलेली. दोष घ्यायचाच असला तर मला दे, मला आता कोण काय करणार. मेलेलं माणूस तुझ्या सहीनं उठत न्हाय. तू नोकरी घालवलीस तर आक्काच्या जिवाला घोर लागंल. माणूस इसरतो, म्या सांगतो तुला. सहा महिन्यांनी जेवण गोड लागाया लागतं.

हे पत्र वाचून फाडून टाक. आक्का इचारत हुती, पोरीचा आवाज असा का येतोय. म्या सांगितलं, सर्दी झालीया.

मामा


हैदराबाद, १९ मार्च २०२५

मामा,

पत्र फाडलं नाही. तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंत की मी पेन हातात घेऊन बसले. पण एक गोष्ट मध्ये येते.

तुम्ही म्हणता माणूस विसरतो. तुम्ही बाबांचं विसरू शकलात, कारण तुमची चूक नव्हती. तुम्ही तीनदा ओरडलात, आजूबाजूला बघितलंत, आणि बाबा पिऊन उतरले. तुम्ही करायचं ते सगळं केलं होतं. मी लहानपणापासून हेच ऐकलंय, आणि म्हणूनच मला वाटायचं की काळजी घेणारा माणूस कसा असतो तर मामासारखा. ती बाई काही पिऊन नव्हती, ती सैपाक करत होती. तुमच्यासारखं स्वच्छ मन मला कुठून मिळणार?

मुदत एकतीसला संपते. सही करीन बहुतेक. तुमचं कधी चुकलेलं नाही.

शिवांजली


जळकोट, ता. २४ मार्च २०२५

शिवांजली,

सही करू नको. मुदतीच्या आत पोचावं म्हनून हे पत्र म्या तुझ्या खोलीच्या पत्त्यावर स्पीडपोस्टानं टाकतोय, तुळजापूरला जाऊन. बसून नीट वाच.

विहिरीवर काम करणारा खाली उतरताना चपला काठावर काढून ठेवायचा. पाण्याची जागा, तिथं चप्पल घालून कुणी जात न्हाय. आमी सुरुंगवाले त्याच्यावरनं हिशेब धरायचो. काठावर चप्पल दिसली म्हंजी माणूस खाली. काठ रिकामा म्हंजी विहीर रिकामी. बत्तीच्या आधी म्या काठाला एक फेरी मारून चपला बघायचो. सगळी हीच पद्धत धरायची.

त्या दिवशी, १९९९ चा चैत, शरणबसप्पाची विहीर, चाळीस फूट झाली हुती. सकाळी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रानात बाभळीचे काटे. बिभीषण, तुझा बाप, म्हनला, माझ्या घाल वैजनाथ, मला आज खालीच काम हाय. म्या घातल्या.

दुपारी सुरुंग भरून तयार. दुसरे दोघं वर येऊन, चपला घालून जेवायला गेले. म्या काठाला फेरी मारली. काठ रिकामा. वर ट्रॅक्टरचा कंप्रेसर चालूच हुता, बंद केला की परत चालू व्हायला तास खायचा, म्हनून बंद केला न्हाय. त्या आवाजात तीनदा ओरडलो. बिभीषण बाजूच्या कपारीत ढिले दगड काढत हुता. त्याला ऐकू गेलं नसणार, मलाच माझा आवाज येत न्हवता. बत्ती दिली आन लिंबाखाली जाऊन बसलो. बसल्यावर पायाकडं बघितलं. त्याच्या चपला.

वात अजून जळत हुती. म्या उठलो. दोन पावलं गेलो. तिसरं टाकलं न्हाय. ते दोन पावलांचं अंतर आजबी मला कुणी दाखवायला लागत न्हाय.

तो पिला न्हवता. सणासुदीला प्यायचा, गावाला ते ठावं हुतं, म्हनून खपलं. सगळं शांत झाल्यावर म्या त्याच्या चपला पायातनं काढल्या आन काठावर नेऊन ठेवल्या, म्या ओरडल्यावर तो उतरला असं दिसावं म्हनून. आन अनवाणी गावात पळत आलो. लोक म्हनले, वैजनाथ बिचारा मेव्हण्यापायी अनवाणी पळाला. पोलीस जमादारानं लिहून आणलं, म्या सही केली.

मनाला सांगितलं, माझा परवाना गेला तर आक्काला आन दोन वर्सांच्या पोरीला कोण पोसंल. ते खरंबी हुतं. पर तुला सांगायचं ते पुढं हाय. आठ दिवसांनी म्या दुसऱ्या विहिरीवर गेलो आन तिथंबी चपला बघूनच बत्ती दिली. पद्धत बदलली असती तर लोकांनी इचारलं असतं, का बदलली? म्हनून बदलली न्हाय. पुढं कितीतरी वर्सं तीच. खाली कुणी अनवाणी माणूस न्हवता हे निव्वळ नशीब. सहीचं खरं पाप तिथं हाय. झालं ते लपतं, आन पुढचं तसंच चालू ऱ्हातं.

जेवण गोड लागतं हे म्या खोटं लिहिलं हुतं.

आक्कानं तुझ्या बापाचा फोटो कधी भिंतीला लावला न्हाय. दारूड्याचा फोटो कशाला, म्हनती. सव्वीस वर्सं ती माझ्या ताटात पहिली भाकर वाढती.

वैजनाथ


हैदराबाद, १२ एप्रिल २०२५

मामा,

सही केली नाही. शेवटच्या आठ सेकंदांची चित्रं जोडून चार पानांची टीप दिली, की खूण चुकीची आहे आणि नियम काढून टाकावा. चित्रं माझ्याच नावावर नोंदलेली होती, म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं गेटचं कार्ड चाललं नाही. आता चौकशी माझीच आहे. तुम्हाला लिहिलेल्या पत्रांचंही मी स्वतः सांगितलं, तुमच्याकडं कुणी आलं तर सगळी देऊन टाका. पुढची खेप थांबली की गेली, मला सांगत नाहीत. सोमेश सरांनी गेटपर्यंत येऊन माझा डबा परत दिला आणि खाली मान घालून गेले.

तुमचं पत्र वेळेत आलं नसतं तर मी सही केली असती. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. आणि मी तुम्हाला माफ केलं असं मात्र लिहिणार नाही. ते मला येत नाही. तुमच्या पैशावर शिकले, तुमच्या मांडीवर वाढले, आणि शाळेत पोरं ‘दारूड्याची पोर’ म्हणायची तेव्हा तुम्हीच माझे डोळे पुसायचात.

मी आईला फोनवर सांगणार नाही. ते तुमचं आहे. येत्या महिन्यात मी घरी येईन, त्याआधी तुम्ही तिला सांगा.

शिवांजली


जळकोट, ता. २१ एप्रिल २०२५

शिवांजली,

सांगितलं.

काल सकाळी आक्का ज्वारी निवडत बसली हुती. म्या समोर बसलो आन पहिल्यापास्नं सांगितलं, चपला, कंप्रेसर, लिंबाखालची दोन पावलं, सगळं. ती सूप हलवत ऱ्हायली. मला वाटलं तिला कळलंच न्हाय. मंग सूप थांबलं. तिचं तोंड म्या इतकी वर्सं वाचलंय, ती काय बोलती ते कळतं. तिनं एकच इचारलं. पिले न्हवते?

म्या मान हलवली, न्हाय.

तिनं परत इचारलं, परत मान हलवली. तिनं मला शिवी दिली न्हाय, हात उचलला न्हाय. मला वाटत हुतं मारंल, म्या तयार हुतो. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आन घराभायेर पडली. म्या मागनं गेलो. पहिल्यांदा शरणबसप्पाच्या दारात. मंग शेजारच्या, मंग त्याच्या पुढच्या. एक घर सोडत न्हाय. आत जात न्हाय, पाणी घेत न्हाय, उंबऱ्याभायेर उभी ऱ्हाऊन बोलती आन पुढं निघती. बिभीषणला ओळखणारं माणूस मेलेलं असलं तर त्याच्या पोराला सांगती.

काय सांगती ते मला ऐकू येत न्हाय. ती माझ्याकडं पाठ करून बोलती. पर म्या माणसांची तोंडं बघतो. आधी ती तिच्याकडं बघत्यात, मंग तिच्या खांद्यावरनं माझ्याकडं. शरणबसप्पानं तर दार लोटून घेतलं.

दिवस कलायच्या आत निम्मा गाव झाला. घरी येऊन तिनं सैपाक केला, तिचं ताट वाढून घेतलं आन जेवली. आज सकाळी उठल्याबरोबर पदर घेऊन ती दारात उभी ऱ्हायली, माझ्याकडं बघून हातानं खुणावलं, चल. वरल्या आळीची घरं ऱ्हायलीत. पत्र इथंच थांबवतो, ती वाट बघतीया.

वैजनाथ